भाड्याने द्यायचा पहिला फ्लॅट, वारजे: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

४ जानेवारी, शनिवार

हातात स्वतःचे २५ लाख. कर्ज २६ लाखांपर्यंत, मुदत २० वर्षं. आजच्या ८.६५ टक्के दराने हप्ता सुमारे २२,८०० रुपये. पश्चिम पुण्यात ४४-४५ लाखांच्या वन बीएचकेला आज १५ ते १६ हजार भाडं येतं. म्हणजे भाड्यातून हप्ता फिटणार नाही, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. 'भाडं येईल, हप्ता जाईल' असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडे मेंटेनन्स, मिळकतकर आणि रिकाम्या महिन्याचा हिशेब मागायचा.

दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा आहे. ठरलेल्या किमतीवर वरखर्च १२ ते १३ टक्के धरायचा: मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाली, बँकेचे खर्च, सोसायटी, दुरुस्ती. बँक मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे घराच्या किमतीत धरत नाही, ते खिशातूनच जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. भाड्याच्या घरासाठी ती पूर्ण वापरणं आम्हाला पटत नाही. किमतीच्या ६० टक्क्यांच्या आसपास थांबलं की दरमहाची तूट पगारातून सोसता येते.

सहा हप्त्यांची रक्कम, साधारण १ लाख ३५ हजार, आजच वेगळ्या खात्यात टाकली. तिला दुरुस्तीसाठीसुद्धा हात लावायचा नाही.

नाव कुणाचं: फक्त पत्नीचं. महाराष्ट्रात निवासी घर केवळ महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पुणे महापालिका हद्दीत ७ ऐवजी ६ टक्के. पतीचं नाव जोडलं की सवलत गेली. पती फक्त सहकर्जदार राहील. मात्र तिचा स्वतःचा पगार आहे आणि हप्ता तिच्याच खात्यातून जाणार आहे, म्हणून हे बसतं. नवऱ्याच्या पैशाने घेतलेल्या घराचं भाडं प्राप्तिकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं.

१२ जानेवारी, रविवार

तीन जागा पाहिल्या.

नऱ्हे: ३१ लाख, भाडं १३ हजार. कागदावर परतावा सगळ्यात चांगला. जमीन गुंठेवारीतली (गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेली), भोगवटा प्रमाणपत्र नाही, बँक कर्ज देणार नाही. त्यापुढची गोष्ट अशी की उद्या आपण विकायला काढू तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकालाही कर्ज मिळणार नाही. स्वस्त असण्याचं कारण तेच आहे. सोडली.

कर्वेनगर: ५४ लाख. जागा उत्तम, इंजिनिअरिंग कॉलेज चालत अंतरावर, भाडेकरू कधी कमी पडणार नाहीत. पण तूट महिना १५ हजारांपुढे जाते. शिवाय ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून फॉर्म २६क्यूबी भरायचा असतो. काम अवघड नाही, पण विसरलं तर व्याज आणि विलंब शुल्क खरेदीदारावर येतं.

वारजे: मागणी ४६ लाख, दुसरा मजला, २००३ची इमारत, पार्किंग अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. हाच पुढे न्यायचा.

१९ जानेवारी, रविवार

वारज्याची पाहणी, सकाळी ७ वाजता. पाणी याच वेळेला येतं, म्हणून.

जाहिरातीत ६०० चौरस फूट. करारनाम्यात बिल्टअप (भिंती धरून) ५२०. लेझरने मोजलेला कार्पेट (भिंतींच्या आतली वापराची जागा) ४०८. भावाची तुलना फक्त कार्पेटवर करायची, नाहीतर दोन फ्लॅट एका तराजूत बसतच नाहीत.

बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला जमिनीपासून दीड फूट ओल, रंगाचे पोपडे. वरच्या मजल्याची गळती असती तर डाग छताला दिसले असते. छत कोरडं आहे, म्हणजे दोष आपल्याच नहाणीचा. खालच्या घरी जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत पाहिलं: तिथेही डाग. हे पाहणं फुकट असतं, आणि भाव करताना याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

वायरिंग जुनं, गिझरच्या प्लगला अर्थिंग नाही, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नाही. बाल्कनी बंद करून स्वयंपाकघरात घेतली आहे. मंजूर नकाशात ती उघडी आहे. बँकेचा तांत्रिक मूल्यमापक हे लिहिणार, आपण आधीच लिहून ठेवलं.

सोसायटीच्या सचिवांशी अर्धा तास बोलणं झालं. महिना मेंटेनन्स १,५००, त्यातले सेवाशुल्क १,१००. उन्हाळ्यात टँकर लागतो, त्याचा खर्च वेगळा वाटला जातो. मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, जमीन सोसायटीच्या नावावर होणं) अजून झालेलं नाही, जमीन कागदोपत्री अजून मूळ मालक-बिल्डरच्याच नावावर. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांची हीच अवस्था आहे. एवढ्यावरून घर सोडायचं नसतं, पण पुनर्विकासाचा विषय निघाला की काम तिथेच अडतं, म्हणून भाव करताना मांडायचं. गाडीची जागा 'विकत' मिळत नाही, सोसायटीच्या वाटपपत्रात काय आहे तेवढंच खरं. इथे एक दुचाकी.

इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हेही पुण्यात विचारावंच लागतं. सोसायटीत भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) मिळतो, अपार्टमेंटमध्ये डीड ऑफ अपार्टमेंट. इथे सोसायटी आहे.

मिळकतकराची पावती ५,३४० रुपयांची. तो आकडा धरून चालत नाही. मालक स्वतः राहतो म्हणून त्यात ४० टक्के सवलत आहे, घर भाड्याने दिलं की ती जाते. आपल्यासाठी ८,९०० धरले.

२६ जानेवारी, रविवार

भाव ४४ लाखांवर ठरला. ओल, वायरिंग आणि रखडलेलं अभिहस्तांतरण हे तीन मुद्दे लेखी मांडले, म्हणून २ लाख उतरले.

दलालाने ६ लाख 'वरचे', म्हणजे रोख, सुचवले. नाही म्हटलं. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तो विक्रेत्यावर, हे खरं. पण खरेदीदाराचं नुकसानही मोठं: कागदावर ३८ लाख किंमत आली की बँक कर्ज त्यावरच मोजते, आणि पुढे विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात ते ६ लाख आपला खर्च म्हणून धरता येत नाहीत.

अजून विसार दिलेला नाही. आधी कागदांच्या झेरॉक्स वकिलाकडे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ६.२५ केला. आपला दर ८.४०, हप्ता २२,३९९. कर्ज रेपोला जोडलेलंच घ्यायचं. व्यक्तीच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो, त्यामुळे बोनस आला की थेट मुद्दलात टाकता येतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकीच्या कागदांचा ३० वर्षांचा शोध अहवाल आला. या प्रकल्पातली सगळ्यात मोठी गाठ यातच निघाली.

करारनामा २००३चा, विकणाऱ्या कुटुंबातल्या वडिलांच्या नावाने. सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, दस्तनोंदणीचा उतारा) मिळाली, बिल्डरच्या पैशांच्या पावत्या पूर्ण, जुनं कर्ज फेडल्याचं बँकेचं पत्र आहे, महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखलाही आहे. पण वडील २०१९ मध्ये गेले. मृत्युपत्र नाही. सोसायटीत नामनिर्देशन आईचं होतं, म्हणून सोसायटीने आईला सदस्य करून घेतलं आणि भाग दाखल्यावर त्यांचं नाव चढवलं. मुलगा आणि लग्न होऊन बेळगावला गेलेली मुलगी या दोघांची सही कशावरच नाही.

दलाल म्हणतो, नॉमिनेशन आहे, चालेल. चालत नाही. नामनिर्देशित व्यक्ती सोसायटीच्या दृष्टीने व्यवहार पाहणारी असते, तिला त्यामुळे मालकी मिळत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगा आणि मुलगी तिघांचा सारखा हिस्सा. मुलीचं लग्न झालं म्हणून हिस्सा जात नाही. नुसत्या आईच्या सहीवर घेतलं असतं तर घराचा दोन तृतीयांश भाग दुसऱ्यांचा राहिला असता.

वाटा दोन. तिघांनी विक्रेते म्हणून सह्या करायच्या, किंवा मुलगा-मुलीने आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. बेळगावहून प्रत्येक टप्प्याला येणं त्यांना अवघड, म्हणून दुसरी वाट. वारसाने आलेल्या मिळकतीत जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय हक्क सोडला तर मुद्रांक ५०० रुपये. ऑक्टोबर २०२४ पर्यंत २०० होता.

वकिलांनी त्या ताईंशी स्वतंत्रपणे फोनवर बोलून घेतलं: कशावर सही करायची आहे, सही केली की हक्क कायमचा जातो, हे माहीत आहे ना. हे आपल्या संरक्षणासाठी आहेच, पण ते केलंच पाहिजे म्हणूनही आहे. आपल्याला घर हवं आहे म्हणून कुणाचा हक्क घाईत कागदावरून पुसला जाऊ नये.

१६ फेब्रुवारी, रविवार

विसार पावती, ५०० च्या मुद्रांकावर. रक्कम १ लाख, चेकने. अटी: हक्कसोडपत्र ३१ मार्चपर्यंत नोंदवायचं, नाही झालं तर विसार पूर्ण परत. कर्ज नाकारलं तर परत. ताब्यापर्यंतचा वीज, मिळकतकर आणि मेंटेनन्स विक्रेत्याकडे. 'कर्ज नाकारलं तर परत' ही ओळ नवे खरेदीदार बहुधा विसरतात.

जाहीर नोटीस दोन दैनिकांत, त्यातलं एक मराठी, हरकतीला १५ दिवस. खर्च ४,५००. (नंतरची नोंद: मुदतीत हरकत आली नाही.)

१२ मार्च, बुधवार

हक्कसोडपत्र नोंदवलं. त्याची सूची क्रमांक २ डाउनलोड करून नावं आणि फ्लॅट क्रमांक अक्षर अक्षर तपासले. आधीच्या मसुद्यात सर्व्हे नंबरचा हिस्सा चुकला होता. नोंदणीनंतर अशी चूक सापडली तर चूक-दुरुस्तीपत्रासाठी सगळ्यांना पुन्हा गोळा करावं लागतं.

बँकेचा तांत्रिक अहवाल: बंद केलेली बाल्कनी मूल्यातून वगळली, किंमत ४३.५ लाख धरली. कर्ज २६ लाखच असल्याने फरक पडला नाही. ९० टक्क्यांवर ताणलं असतं तर मंजुरी इथेच कमी झाली असती.

१ एप्रिल, मंगळवार

रेडी रेकनरचे (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेल्या मिळकत-मूल्याचे) नवे दर लागू, पुणे महापालिका हद्दीत सरासरी ४.१६ टक्के वाढ. मार्चअखेरीला नोंदणी कार्यालयात गर्दी उसळली होती, आपण थांबलो. कारण मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेकनरचं मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं. इमारतीच्या वयाची घट धरून रेकनरने जुन्या दराने ३६ लाखांच्या पुढे, नव्याने ३८ लाखांच्या आत. आपली किंमत ४४ लाख. फरक शून्य. उलट असतं तर, म्हणजे रेकनरचं मूल्य करारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असतं, तर तो फरक खरेदीदाराच्या उत्पन्नात धरला गेला असता.

९ एप्रिल: रेपो ६.००. दर ८.१५, हप्ता २१,९९१.

१७ एप्रिल, गुरुवार

नोंदणी. हवेलीच्या कुठल्याही दुय्यम निबंधकाकडे चालते, वेळ आदल्या आठवड्यात ऑनलाइन घेतली होती. मुद्रांक २,६४,००० आणि नोंदणी फी ३०,००० ग्रासच्या (सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीच्या) ई-चलानने. ३० लाखांवरच्या व्यवहाराला नोंदणी फी ३० हजारांवर थांबते. चलानावर नाव, पॅन आणि मिळकतीचं वर्णन दस्ताशी जुळलंच पाहिजे.

सोबत नेलेलं: डाटा एंट्रीचा क्रमांक, दोन साक्षीदार ओळखपत्रांसह, सगळ्यांचे मूळ आधार-पॅन, पूर्णत्वाचा दाखला, हक्कसोडपत्राची प्रत. आईंचा अंगठा यंत्रावर उमटेना. वयस्कर विक्रेत्यांच्या बाबतीत हे वारंवार होतं. कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून तिसऱ्यांदा जमलं. म्हणून शेवटची वेळ घेऊ नये, दुपारी १२ च्या आतली घ्यावी.

२८ एप्रिल, सोमवार

कर्जाचा धनादेश विक्रेत्याच्या नावे निघाला. मूळ कागद बँकेत. गहाणाचा मुद्रांक ०.३ टक्के म्हणजे ७,८००, आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचे, म्हणजे गहाणाची माहिती दुय्यम निबंधकाला कळवण्याचे, १,३००. ही नोटीस ३० दिवसांत दाखल व्हायला हवी. बँकेने दिलेल्या कागदांच्या यादीवर शिक्का आणि सही घेतली. वीस वर्षांनी मूळ कागद परत मागताना हाच कागद पुरावा.

३ मे, शनिवार

ताबा पावती. वीज मीटरचं रीडिंग फोटोसह. महावितरणकडे नाव बदलाचा अर्ज त्याच दिवशी, मिळकतकरालाही. सोसायटीचं हस्तांतर शुल्क: महापालिका हद्दीत कमाल २५,०००, अधिक ५०० आणि १०० रुपये. ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाची मर्यादा. 'विकासनिधी' म्हणून वेगळी मागणी झाली नाही. झाली असती तर परिपत्रकाची प्रत बरोबर होती.

५ ते २६ मे

दुरुस्ती, १,४६,००० मध्ये. घाई यासाठी की पुण्यात मे-जूनमध्ये घर शोधणारे सगळ्यात जास्त असतात. दिवाळीनंतर रिकामं झालेलं घर दोन महिने बसू शकतं.

बाथरूम-संडास, ५२,०००. फरशी आणि खालचा भराव पूर्ण काढला. जुनी नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून फुटलेली सापडली, दीड फूट ओलीचं मूळ तेच. नवी ट्रॅप, पाइपांचे सांधे बंद, कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा आणि पहिला वाळल्यावरच. त्यावर ४८ तास पाणी भरून ठेवलं. या दोन दिवसांत खालच्या काकूंकडे सकाळ-संध्याकाळ छत पाहून आलो. कोरडं राहिल्यावरच कोबा, उतार फुटाला सव्वा-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि फरशी. मिस्त्री पाणी भरणं टाळू पाहतात, कारण त्यांचे दोन दिवस जातात. पण पावसाळ्यात फरशी पुन्हा फोडायची तर खर्च दुप्पट.

वीज, २४,०००. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, गिझरला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी, सगळ्या प्लगना अर्थिंग. भाडेकरूचं लहान मूल ओल्या हाताने बटण दाबेल, हे डोळ्यांसमोर ठेवून हे काम करायचं. इथे काटकसर नाही.

रंग, ३८,०००. भिंती आणि छत मिळून सुमारे १,५०० चौरस फूट, दोन हातांना २४ लिटर. सगळीकडे एकच फिकट रंग, कोड डब्यावरून लिहून ठेवला, म्हणजे पुढच्या वेळी एकच भिंत रंगवता येते. जाळ्या आणि ग्रिल १४,०००. सिंक, नळ आणि ओट्याची डागडुजी १८,०००. ट्रॉल्या, सोफा, एसी काही नाही. या भागात त्याचं भाडं वाढून मिळत नाही आणि दुरुस्ती मात्र मालकाच्या गळ्यात पडते.

३१ मे, शनिवार

भाडेकरू ठरले, तिघांचं कुटुंब. भाडं १६,०००, अनामत ५०,०००, मुदत २४ महिने, दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ, एक महिन्याची सूचना. नोकरीचा पुरावा आणि आधीच्या घरमालकांशी फोन, दोन्ही झालं.

'११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा भाड्याचा करार, कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. मुदत संपून घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं, तेही या कराराच्या बळावर.

मुद्रांकाचा हिशेब: दोन वर्षांचं भाडं ३,९३,६०० अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी १०,०००, एकूण ४,०३,६०० च्या ०.२५ टक्के, म्हणजे १,००९. नोंदणी १,०००, हाताळणी ३००. घरबसल्या आधार आणि अंगठ्याने झालं. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन दिली, पोचपावती फाइलला. ताबा देताना नळ, पंखे, दिवे, किल्ल्या यांची फोटोंसह यादी, दोघांच्या सह्या. अनामत परत करतानाचा वाद या एका पानाने मिटतो.

६ जून, शुक्रवार

रेपो ५.५०. तिमाही फेररचनेत आपला दर ७.६५ होईल. बँक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. सांगितलं तर हप्ता २१,१८५ वर येतो. हप्ता तोच ठेवला: दरमहा ८०० रुपयांनी तुटीत फार फरक पडत नाही, मुदत मात्र सुमारे दीड वर्षाने कमी होते.

एकूण लागलेली रक्कम: ४४,००,००० किंमत, २,९४,००० मुद्रांक-नोंदणी, २२,००० वकील, ४,५०० नोटीस, ४४,००० दलाली, १४,००० बँक, ९,१०० गहाण, २५,६०० सोसायटी, १,४६,००० दुरुस्ती. बेरीज ४९,५९,२००. वरखर्च १२.७ टक्के.

वर्षाचं भाडं ११ महिन्यांचंच धरलं: १,७६,०००. खर्च: मेंटेनन्स १८,०००, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) १,३२०, मिळकतकर ८,९००, दुरुस्तीनिधी १२,०००, करार-दलालीचा वार्षिक वाटा ६,०००. हाती १,२९,७८०, म्हणजे गुंतवणुकीवर २.६ टक्के. महिन्याला १०,८१५ येणार, २१,९९१ जाणार. तूट ११,१७६.

प्राप्तिकर: भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, राहतात १,१६,९७०. पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे २,१०,०००. जुन्या करप्रणालीत राहिलेला तोटा २ लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत होत नाही, पुढेही नेता येत नाही. कोणती प्रणाली घ्यायची हे पुढच्या वर्षी जुलैत विवरण भरण्याआधी दोन्ही हिशेब मांडूनच ठरवायचं.

१४ जून, शनिवार

सोसायटीच्या बिलात बिनभोगवटा शुल्क महिना १,००० आलं. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं: १,१०० वर ११०. बिल न अडवता मेंटेनन्स अधिक ११० रुपये भरले, आदेशाची प्रत जोडून सचिवांना पत्र दिलं, पोच घेतली. आज पहिला मोठा पाऊस. बाथरूमची बाहेरची भिंत आणि खालच्यांचं छत दोन्ही कोरडं. पुन्हा पाहायचं जुलैअखेर.